शेवाळवाटेचा मालक

एल्डन ब्रेटनला खोटं बोलता येत नाही, असं त्याची आई म्हणायची. ती बिचारी लवकर गेली, त्यामुळे तिचा समज शेवटपर्यंत टिकला. मासे हा विषय निघाला की या माणसानं एक्केचाळीस वर्षांत एक तरी वाक्य खरं बोललेलं टकर्स नेकमध्ये कुणाला आठवत नाही.

तसे आमच्या गावात किनाऱ्यावर गळ टाकून उभे राहणारे सगळेच थापाडे. पट्टेरी बास हा मासाच तसा आहे. मे महिन्यात दक्षिणेकडून वर येतो, नोव्हेंबरात परत जातो आणि मधल्या सहा महिन्यांत निम्म्या गावाची अक्कल बरोबर घेऊन फिरतो. कुठे मिळाला विचारलं तर म्हणायचं पाण्यात, कशावर घेतला विचारलं तर म्हणायचं गळावर. इतपत चालतं, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. एल्डनचं खोटं मात्र पगारी नोकरासारखं रोज वेळेवर कामाला जायचं.

पहाटे तो आपली हिरवी गाडी चर्चच्या कबरस्तानामागे लावायचा. तिथून काठी खांद्यावर टाकून आधी बंदराच्या दिशेनं शंभर पावलं चालायचा, कुणी पाहिलंच तर पाहू दे म्हणून. मग मागे वळून थडग्यांच्या आडून बटाट्याच्या शेतात शिरायचा आणि पलीकडच्या दोन गडग्यांच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांच्या मधून समुद्राकडे उतरायचा. खाली एक सपाट खडक आहे. दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा. पुढे पाणी एकदम खोल होतं, आणि ओहोटी लागली की ते खडकाला वळसा घालून धावतं. त्या वळणावर मोठा बास आयतं खायला उभा असतो. तिथे सापासारखी लांबट जिवंत वाम गळाला लावून सोडली की पुढचं काम वामच करते. एल्डन मात्र ते स्वतःचं कर्तृत्व समजायचा.

गडग्यांमधली ती वाट काही त्याच्या बापाची नव्हती. त्याच्या आजोबांच्या काळात वादळानंतर किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग पडायचे, आणि शेतकरी बैलगाड्या घेऊन ते बटाट्याच्या खतासाठी न्यायचे. म्हणून तिचं नाव शेवाळवाट. तोंडाशी गावानं लोखंडी पाटी ठोकली होती, ‘समुद्राकडे जाण्याची सार्वजनिक वाट’. एल्डन गावाच्या रस्तेखात्यात कामाला होता. त्र्याऐंशी साली त्यानं ती पाटी गावाच्याच पान्यानं काढली, गावाच्याच गाडीतून घरी नेली आणि गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवली. मग वाटेच्या तोंडावर खाऱ्या वाऱ्यात माजणारे ते काटेरी गुलाब आणून लावले. चार वर्षांत तिथे अशी जाळी झाली की वाट आहे हे माहीत असलेल्यालाही शंका यावी. स्वतःसाठी मात्र त्यानं गडग्यालगत एक भोक ठेवलं होतं.

आणि एवढं करून जगाला नावं ठेवायला हा मोकळा. होडीतून मासे धरणारे म्हणजे त्याच्या मते बसून जेवणारे भिकारी. उन्हाळ्यात येणारे बंगलेवाले म्हणजे माशाला उलटा धरून फोटो काढणारी जमात. आणि बायका? “बाईला वाट बघता येत नाही,” तो म्हणायचा. “गळ टाकून पाच मिनिटं झाली की तिला थंडी वाजते.” हे तो झेलिया फुर्तादोच्या दुकानात उभा राहून झेलियालाच ऐकवायचा. झेलियाचा बाप अझोर्स बेटांवरून आलेला, त्याच्यामागे वामी आणि गळ विकायचं दुकान तीच चालवते. पोरगी असल्यापासून समुद्रात कमरेपर्यंत उभी राहिलेली बाई. ती वामी मोजून त्याच्या बादलीत टाकायची आणि म्हणायची, “खरंय हो एल्डन. आम्हाला मेल्यांना काय कळतंय.”

“आणि मंगळवारी दुकान बंद कशाला ठेवतेस? ऐन हंगामात मंगळवार बंद ठेवणारी बाई धंदा काय करणार?”

“गुडघे दुखतात,” झेलिया म्हणायची.

एक्क्याण्णव साली एल्डननं बावन्न पौंडांचा बास धरला. झेलियाच्या दुकानात फळा आहे, त्यावर गावातले सगळ्यांत मोठे मासे लिहिलेले असतात, कुणी धरला, किती वजन, कुठे. एल्डननं समोर उभं राहून लिहून घेतलं, ‘ए. ब्रेटन, ५२ पौंड, बांध’. बांध म्हणजे बंदराच्या तोंडावरचा काळ्या दगडांचा बांध. तिथे खेकडे मिळतात, सर्दी मिळते, क्वचित कुणाचा पाय मोडतो. पण फळ्यावर बांध आला म्हटल्यावर पुढची दहा वर्षं तिथे जत्रा भरली. आमचा नळदुरुस्तीवाला ओर्रिन लेक तर अकरा उन्हाळे तिथे उभा राहिला. एल्डन पहाटे आपल्या खडकावर मासा पिशवीत घालायचा आणि आठ वाजता बांधावर जाऊन ओर्रिनला विचारायचा, “काय रे, लागलं का काही?”

घरी बायको, डोरीन. शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करायची, मंगळवारी सुट्टी. ती मक्याच्या पिठाची धिरडी घालायची आणि त्यावर गुलाबफळांचा आंबटगोड मुरंबा. एल्डनला तो मुरंबा इतका आवडायचा की एका बसणीला पाव बरणी फस्त. फळं कुठून आणतेस, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. ताटात येणाऱ्या गोष्टींची चौकशी करायची त्याला सवयच नव्हती.

दोन हजार चार साली मिस पेकम घरी आल्या. त्यांनी त्याला चौथीत शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर त्या गावाचे जुने नकाशे घेऊन समुद्राकडे जाणाऱ्या वाटांची यादी करत होत्या, म्हणजे उद्या कुणी बंगलेवाल्यानं वाट गिळली तर गावाकडे कागद असावा.

“एल्डन, नकाशात दोन गडग्यांच्या मधे शेवाळवाट दाखवलीय. मला तर नुसती काटेरी जाळीच दिसली. तू त्या बाजूचे रस्ते सांभाळलेस, तुला माहीत असेल.”

“तिथे काही नाही, मिस पेकम. खाजरी वेल आणि गोचिड्या. खोडून टाका.”

“कधी होती का?”

“माझ्या आठवणीत तरी नाही.”

मिस पेकमनी ते अक्षर न अक्षर लिहून घेतलं, त्यानं खाली सही केली. मुलगा चौथीतसुद्धा प्रामाणिकच होता, असं त्या जाताना डोरीनला म्हणाल्या. डोरीननं त्यांना दार उघडून दिलं. एल्डननं त्या दिवशी तीन धिरडी जास्त खाल्ली.

पुढे मिस पेकम वारल्या, एल्डन निवृत्त झाला, ओर्रिन लेकनं बांध सोडून गोल्फ धरलं. आणि मग बटाट्याचं शेत विकलं गेलं. घेणारा वेल्डन नावाचा कनेटिकटचा कुणी गृहस्थ. वर्षातून तीन आठवडे राहायचं म्हणून त्यानं अकरा न्हाणीघरांचा बंगला बांधला. इतकी न्हाणीघरं एका माणसाला कशाला लागतात हे त्याचं त्यालाच ठाऊक. मे महिन्यात एल्डन पहाटे गेला तर गडग्यालगतच्या त्याच्या भोकापुढे नवीन लाकडी कुंपण, त्यावर पाटी, ‘खाजगी मालमत्ता’. गावसभेकडे वेल्डनचा अर्जही आला होता, की गडग्यांमधली पट्टी माझीच आहे, तिथे सार्वजनिक वाट नाही आणि नव्हती, तसं कायमचं लिहून द्या. सुनावणी गुरुवारी संध्याकाळी.

एल्डन घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत मासा नव्हता आणि तोंडाला चव नव्हती.

“डोरीन, ती वाट बंद करतायत.”

“कुठली?” डोरीन धिरडं उलटत होती.

“आहे एक. कबरस्तानाच्या पलीकडे.”

“अस्सं. तुझा काय संबंध? तू तर बांधावर जातोस.”

एल्डन खुर्चीवर बसला. “कधी कधी तिकडेही जातो.”

“कधी कधी म्हणजे?”

“एक्केचाळीस वर्षं.”

डोरीननं धिरडं त्याच्या ताटलीत टाकलं. “मग गुरुवारी जा आणि सांग सगळ्यांना.”

“सगळ्यांना सांगितलं तर सगळे येतील.”

“नाही सांगितलंस तर तूही जाणार नाहीस. आधी एकदा खरं बोल, एल्डन. मग बघू.”

हे ‘मग बघू’ त्यानं ऐकलंच नाही. त्याला फक्त आपला खडक दिसत होता आणि त्यावर बसलेले वेल्डनचे पाहुणे. दोन दिवस तो साक्षीदार शोधत गावभर हिंडला. पण साक्ष कोण देणार? एक्केचाळीस वर्षं त्यानं एकेकाला गाठून बांधावर धाडलं होतं. वाट होती असं सांगणारे म्हातारे कबरस्तानात होते, आणि त्यांच्या मागेच याची गाडी उभी असायची. शेवटी तो झेलियाकडे गेला.

“झेलिया, मी तिकडे त्या खडकावर जातो, हे तुला ठाऊक असेलच ना?”

“मला?” झेलियानं हात पुसले आणि फळ्याकडे बोट केलं. “माझ्या फळ्यावर बांध लिहिलंय. तूच लिहायला लावलंस. मी बाई माणूस, मला काय कळतं.”

गुरुवारी सभागृह भरलेलं होतं. आमच्या गावात पाण्याच्या नळावर सभा ठेवली तर सात माणसं येतात, पण एल्डन ब्रेटन खरं बोलणार ही बातमी झेलियाच्या दुकानातून सुटली होती. अध्यक्ष ऱ्होडा सिसन. वेल्डन पहिल्या रांगेत, शेजारी प्रॉव्हिडन्सहून आणलेला वकील.

एल्डन उभा राहिला. हातात कागदी पिशवी.

“ती वाट सार्वजनिक आहे. माझे आजोबा तिथून शेवाळ न्यायचे. मी स्वतः एक्केचाळीस वर्षं तिथून खडकावर जातोय. बासासाठी.”

मागून ओर्रिन लेकचा आवाज आला. “आणि बांध?”

“बांधावर काही नसतं, ओर्रिन.”

“अकरा वर्षं उभा होतो मी तिथे.”

“माहीत आहे मला.”

लोक हसले. ओर्रिन हसला नाही. वकील मात्र फार अदबीनं उठला आणि त्यानं एक कागद वाचला. “‘दोन गडग्यांच्या मधे वाट नाही, माझ्या आठवणीत कधी नव्हती, तिथे काही नाही.’ दोन हजार चार. खाली सही आपलीच ना, मिस्टर ब्रेटन?”

“माझीच.”

“मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आत्ता?”

“तेव्हा.”

“आणि ते का?”

एल्डननं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “मासे होते म्हणून.”

आता ऱ्होडासुद्धा हसू दाबत होती. एल्डननं पिशवीतून ती लोखंडी पाटी काढून टेबलावर ठेवली. छत्तीस वर्षं रंगाच्या डब्यांमागे राहून तिच्यावर पांढऱ्या रंगाचे ओघळ आले होते. “ही तिथे होती. त्र्याऐंशीत मी काढली.”

“गावाच्या पगारावर?” ऱ्होडानं विचारलं.

“जेवणाच्या सुट्टीत.”

वकिलाला याहून जास्त काय हवं होतं? तो म्हणाला, पाटी कुठलीही असू शकते. आणि ती खरी धरली तरी एकच माणूस लपतछपत, जाळीतून भोक पाडून जात असेल तर त्याला घुसखोरी म्हणतात, सार्वजनिक वापर म्हणत नाहीत. दुसरं कुणी गेलंय का तिथून? एक जरी?

ऱ्होडानं सभेकडे पाहिलं. कुणी हललं नाही. एल्डननंही मान वळवून रांगामागून रांगा पाहिल्या. एक्केचाळीस वर्षं या माणसानं एकाच भीतीत काढली होती, की आपली जागा कुणीतरी चोरेल. आता त्याला वाटलं, देवा, चोरली असती तर किती बरं झालं असतं. स्वतःच्या हातांनी एवढा मोठा धोंडा पायावर पाडून घेतलेला माणूस आमच्या गावानं तोवर पाहिला नव्हता.

तेवढ्यात पाचव्या रांगेतून डोरीन उठली.

“मी जाते,” ती म्हणाली.

एल्डनला वाटलं ती घरी जायला निघाली.

“त्या वाटेनं. सत्त्याऐंशीपासून. दर मंगळवारी, हा तिथून परतला की.”

वकिलानं चष्मा काढला. “आपण मिस्टर ब्रेटन यांच्या पत्नी. त्यांनीच आपल्याला वाट दाखवली असणार.”

“यानं?” डोरीन म्हणाली. “यानं मला कधी समुद्रसुद्धा दाखवला नाही. हा मलाही बांधच सांगायचा. पण याच्या विजारी मी धुते. बांधावर काळे दगड आहेत, गुलाब नाहीत. दर आठवड्याला विजारीतून गुलाबाचे काटे काढायचे आणि नवरा बांधावर जातो म्हणून मान डोलवायची, इतकी काही मी बावळट नाही. एक दिवस निघाले शोधायला. सगळ्या गावात तसली जाळी एकाच ठिकाणी आहे.” तिनं पर्समधून बरणी काढून पाटीशेजारी ठेवली. “त्याच जाळीची फळं. बत्तीस वर्षं खातोय हा.”

एल्डन बरणीकडे बघत राहिला. बरणी अर्धी होती. उरलेली सकाळीच त्याच्या पोटात गेली होती.

“आणि मी,” झेलिया उठली. “मंगळवारी दुकान बंद असतं माझं. ही माझी बहीण, तीही येते. पाद्रीबाबांकडे स्वयंपाक करणारी आयव्ही येते. आम्ही कधी चौघी, कधी सहाजणी. डबे नेतो, गळ टाकतो, मासा लागला नाही तर गप्पा मारतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, म्हाताऱ्या.”

वकील म्हणाला, चार बायका सहलीला गेल्या, याला पुरावा काय? झेलिया त्याच प्रश्नाची वाट बघत असावी. गल्ल्याखाली एकवीस वर्षं ठेवलेला फोटो तिनं ऱ्होडापुढे धरला. मागे दोन्ही गडगे स्पष्ट, पुढे तो सपाट खडक, खडकावर एल्डनच्या जुन्या रेनकोटात डोरीन, आणि तिच्या दोन्ही हातांत न मावणारा पट्टेरी बास. फोटोखाली झेलियाच्या अक्षरात तारीख, अठ्ठ्याण्णवच्या जूनमधला एक मंगळवार, आणि वजन.

ऱ्होडानं वाचलं. “चौपन्न पौंड.”

सभागृहात पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. सगळे एल्डनकडे बघत होते. त्याचे ओठ हलले. चौपन्न हा आकडा तो मनात दोनदा म्हणत असावा, बावन्नापुढे ठेवून.

“हा फळ्यावर का नाही?” ऱ्होडानं डोरीनला विचारलं.

“मला त्या घरात राहायचं होतं,” डोरीन म्हणाली. “वजनकाट्याला लावला, फोटो काढला आणि सोडून दिला.”

त्यानंतर मतदानाला दहा मिनिटंही लागली नाहीत. वाट सार्वजनिक, कुंपण महिन्याच्या आत काढायचं. पाटी ज्या हातांनी काढली त्याच हातांनी परत ठोकायची आणि गुलाबाची जाळी गाडी जाईल एवढी तोडायची, असं ऱ्होडानं एल्डनला बजावलं, आणि जेवणाच्या सुट्टीत नाही, असंही वर सांगितलं. वेल्डन तिथून उठून गेला. ओर्रिन लेक मात्र दाराशी थांबला होता. एल्डन जवळ आल्यावर त्यानं विचारलं, “भरतीला जायचं का ओहोटीला?” एल्डननं सवयीनं तोंड उघडलं, मग डोरीनकडे पाहिलं. “ओहोटीला,” तो म्हणाला. हे बोलताना त्याला दात काढल्याइतका त्रास झाला. जसे काही ओर्रिनवर उपकारच केले.

खडक वाचला, म्हणजे एल्डन जिंकला म्हणायचं. पण गाडीत बसलेल्या माणसाकडे बघून तसं कुणाला वाटलं नसतं. त्याचं गुपित सगळं आयुष्य त्याच्याच स्वयंपाकघरात उभं राहून धिरडी घालत होतं. आणि ते त्याच्यापासून लपलेलं होतं म्हणूनच त्याचा खडक त्याला परत मिळाला. बाईला वाट बघता येत नाही म्हणे. बत्तीस वर्षं बघितली त्या बाईनं.

गाडी कबरस्तानावरून गेली, बंदराच्या वळणावरून गेली. डोरीन रिकामी पर्स मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. मुरंब्याची बरणी ऱ्होडानं पुरावा म्हणून ठेवून घेतली होती.

“चौपन्न,” एल्डन अखेर म्हणाला.

“हं.”

“वामीवर घेतलास?”

डोरीननं रिकाम्या पर्सचं बक्कल लावलं.

“खडकाच्या डाव्या अंगाला होता की उजव्या? पाणी उतरत होतं का तेव्हा?” त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता, मागितल्यासारखा. “डोरीन, मी कुणाला सांगणार नाही. कुठे लागला तो?”

डोरीननं काच वर केली.

“बांधावर,” ती म्हणाली.

एल्डननं गाडी घराशी लावली. आता लपवायला काही उरलं नव्हतं; त्या दिवसापासून ती कबरस्तानामागे कधी उभी राहिली नाही.